नाव कोणाचे, अमानत कोणाची?

लग्नसराई जवळ आली की धुळ्याच्या आणि जळगावच्या बाजारपेठेत बँडच्या गाळ्यांवर वर्दळ सुरू होते. गाळा तो केवढा, पाच-सात माणसे उभी राहिली की भरतो. भिंतीला ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट टांगलेले, कोपऱ्यात मोठा ढोल, दोरीवर सोनेरी झालरीचे कोट. वर पाटी. पाटीवर मोठ्या अक्षरांत बँडचे नाव आणि खाली बारीक अक्षरांत मास्तरचे. या धंद्यात मुसलमान कलावंत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सुपारी द्यायला आलेला मुलीचा बाप पाटीकडे बोट दाखवून म्हणतो, "माझ्या लग्नात हाच बँड होता, पोरीच्या लग्नातही हाच पाहिजे." मास्तर मान डोलावतो आणि तारीख वहीत लिहून घेतो. बापाच्या लग्नात ज्यांनी वाजवले त्यांच्यापैकी कोणी कब्रस्तानात आहे, कोणी सुरतेला कारखान्यात गेला, कोणाचे पुढचे दात पडले म्हणून ट्रम्पेट सुटला. वाद्ये बदलली, कोट बदलले, गाणी तर दर हंगामात बदलतात. तरीही त्या दोघांपैकी कोणी खोटे बोललेले नाही. बँड "हाच" आहे.

हा "हाच" कशाचा बनलेला असतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो केवळ बँडवाल्यांचा प्रश्न नाही. वाचनालय, शिक्षणसंस्था, मंडळ, पक्ष, नियतकालिक, जमात, सगळ्यांची गत हीच असते. माणसे येतात, जातात, नाव राहते. आणि एके दिवशी त्या नावावरून भांडण लागते. आपल्या समाजात अशी भांडणे थोडी नाहीत. एकाच नावाच्या दोन कमिट्या, एकाच संस्थेचे दोन अध्यक्ष, दोन शिक्के, दोन पावतीपुस्तके हे चित्र वाचकांनी आपापल्या गावात पाहिलेले असेल. त्या वेळी दोन्ही बाजू एकच वाक्य म्हणतात : खरे आम्हीच. म्हणून खरे कोण हे ठरवायचे कसे, याचा थोडा शांतपणे विचार केला पाहिजे.

तत्त्वज्ञांना हा प्रश्न जुनाच आहे. ग्रीक लेखक प्लुटार्कने थिसियसच्या जहाजाची गोष्ट नोंदवून ठेवली. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपले. कुजलेली फळी काढायची आणि नवी बसवायची. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच राहिले की नाही, यावर विद्वानांत दोन तट पडले. सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस हॉब्जने त्यात एक पेच वाढवला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून ठेवल्या आणि त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर थिसियसचे जहाज कोणते? आपल्या भूमीतल्या "मिलिंदप्रश्न" या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाचे उदाहरण देऊन विचारतो, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? इस्लामी विचारपरंपरेतल्या अशअरी पंथाच्या आलिमांनी तर याहून पुढची गोष्ट सांगितली. वस्तूचे गुण दोन क्षणही आपल्या बळावर टिकत नाहीत, अल्लाह त्यांना क्षणोक्षणी नव्याने निर्माण करतो, असे त्यांचे मत होते. हे मत कोणी मानो वा न मानो, त्यातून एक शहाणपण हाती लागते. टिकणे हा वस्तूचा जन्मजात हक्क नाही. कोणीतरी टिकवतो म्हणून ती टिकते. मग विचारायचे ते हे : कोण टिकवतो, आणि काय टिकवतो?

उदाहरणे वाद्यवृंदांचीच घेऊ. वाद्यवृंदात माणसे मोजता येतात, कोण कधी आला आणि कधी गेला हे कळते.

मुंबईत १९८४ साली काही तरुणांनी "रॉक मशीन" नावाचा बँड काढला. विजेच्या गिटारी, मोठा आवाज, लांब केस, म्हणजे आपल्याकडे ज्याला पाश्चात्त्य धांगडधिंगा म्हणून नाके मुरडली जात तेच संगीत. उदय बेनेगल गाणारे, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर, मार्क सेल्विन बेस गिटारवर, मार्क मेनेझिस ड्रमवर. ही यादी वाचली तरी मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते. त्या काळी असे बँड विलायती गाण्यांच्या नकला वाजवत. यांनीही सुरुवात तशीच केली, पण लवकरच स्वतःची गाणी बांधून वाजवायला लागले. १९८८ मध्ये पहिला अल्बम निघाला, १९९० मध्ये दुसरा. पुढे त्यांच्या संगीतात इथल्या मातीचा अंश येऊ लागला आणि १९९३ मध्ये त्यांनी स्वतःचे नाव बदलले. "रॉक मशीन"चे "इंडस क्रीड" झाले. त्याच वर्षी "प्रिटी चाइल्ड" या त्यांच्या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या आशियाई प्रेक्षकांचे पारितोषिक मिळाले. १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला. १९९७ मध्ये बँड मोडला, सगळे आपापल्या वाटेने गेले. तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बेस आणि ड्रमवर नव्या पिढीची मुले घेतली आणि २०१२ मध्ये "इव्हॉल्व्ह" हा अल्बम काढला.

यात विचार करण्यासारखी गोष्ट १९९३ ची आहे. नावाला बाजारात किंमत आलेली असताना त्यांनी ते सोडले. व्यवहारी माणूस म्हणेल, हा मूर्खपणा. आमच्या बँडच्या मास्तरला कोणी सांगितले की उद्यापासून पाटी बदल, तर तो म्हणेल की हंगामाच्या अर्ध्या सुपाऱ्या जातील. पण त्यांचे म्हणणे सरळ होते. आम्ही जे वाजवतो ते बदलले आहे, तर नावही बदलावे. माणसे बहुतेक तीच, नाव नवे. इथे निष्ठा नावाशी नव्हती, कामाशी होती.

आता उलट उदाहरण पाहू. रोमानिया हा पूर्व युरोपातला देश. १९८९ च्या अखेरीपर्यंत तिथे चाउशेस्कूची कम्युनिस्ट हुकूमशाही होती. ध्वनिमुद्रिका काढायच्या तर "इलेक्ट्रेकॉर्ड" या सरकारी कंपनीकडेच जावे लागे. अशा देशात विजेच्या गिटारी घेऊन मोठ्याने गाणे हेच धाडस होते. तिमिशोआरा शहरात १९६२ मध्ये काही शाळकरी मुलांनी एक बँड काढला आणि त्याला "संत" अशा अर्थाचे नाव दिले. नास्तिक राजवटीला ते खपले नाही. मुलांनी नाव बदलून "फिनिक्स" केले, म्हणजे राखेतून पुन्हा उठणारा पक्षी. या बँडचा म्होरक्या निकू कोवाच १९७६ मध्ये देशाबाहेर गेला. मार्च १९७७ मध्ये रोमानियात मोठा भूकंप झाला. त्यानंतर तो मदतीचे सामान घेऊन परत आला आणि जाताना आपल्या साथीदारांना स्पीकरच्या रिकाम्या खोक्यांत लपवून सरहद्दीपार घेऊन गेला. सगळे मात्र गेले नाहीत. गाणारा मिर्चा बानिचू मागे राहिला. मग त्या दिवशी "फिनिक्स" कुठे होता? खोक्यांत बसून जर्मनीला निघाला होता, की मागे राहिलेल्याच्या गळ्यात होता, की घरोघरी जपलेल्या ध्वनिमुद्रिकांत? कोवाच २०२४ मध्ये वारला, तोवर माणसे बदलत बदलत हे नाव त्याने साठ वर्षांच्या आसपास चालवले.

त्याच देशातला दुसरा बँड "आयरिस". हेवी मेटलला लागून असलेले त्यांचे संगीत. १९७७ मध्ये बुखारेस्टमध्ये ड्रमवादक नेलू दुमित्रेस्कूने तो सुरू केला. १९८० मध्ये क्रिस्ती मिंकुलेस्कू हा गायक आला आणि लोकांच्या मनात त्याचा आवाज म्हणजेच "आयरिस" असे समीकरण झाले. पहिली ध्वनिमुद्रिका १९८४ ची, म्हणजे मुंबईत "रॉक मशीन" जन्मले त्याच सालची. हुकूमशाही गेली, बाजार आला, बँड टिकला. सरकारी जाच यांना मोडू शकला नाही. मोडले ते आपसात. २०१० नंतरच्या दशकात संस्थापक एका बाजूला आणि गायक, गिटारवादक, बेसवादक दुसऱ्या बाजूला झाले. नाव संस्थापकाकडे राहिले. दुसरी बाजू मग आपापली व्यक्तिगत नावे ओळीने लावून मंचावर उभी राहू लागली. हॉब्जचा पेच प्रत्यक्षात उतरला तो असा. एकीकडे नाव आणि पाया घालणारा माणूस, दुसरीकडे तो आवाज ज्यासाठी लोक तिकीट काढत होते. खरा "आयरिस" कोणता?

अशा वेळी लोक कोर्टात जातात. कोर्टाची पद्धत ठरलेली आहे. नाव ही मालमत्ता आहे, कागद कोणाकडे ते दाखवा. पण कोर्टही कधी कधी कागदापलीकडे बघते. "डीप पर्पल" हा इंग्लंडचा प्रसिद्ध बँड १९७६ मध्ये मोडला. १९८० मध्ये त्याचा पहिला गायक रॉड इव्हान्स भाडोत्री वादक घेऊन अमेरिकेत त्याच नावाने जलसे करू लागला. तो उपटसुंभ नव्हता, १९६८ मधल्या मूळ मंडळींपैकी होता. पण १९६९ पासून त्याचा बँडशी संबंध राहिला नव्हता आणि ज्या गाण्यांसाठी लोक येत होते त्यांत त्याचा आवाज नव्हता. कोर्टाने त्याला लाखो डॉलरचा दंड केला. म्हणजे "मी आधीपासून होतो" एवढे पुरत नाही. समोरचा माणूस ज्या भरवशाने पैसे देतो, तो भरवसा तुम्ही पाळता का, हेही विचारले जाते. नावात ऐकणाऱ्याचाही हिस्सा असतो.

तेव्हा नावाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी संभवतात. पहिली मिल्कियतीची : नाव माझे, कारण कागद माझा. दुसरी वारशाची : नाव माझे, कारण मी त्यांचा मुलगा. तिसरी अमानतीची : नाव माझे नाही, माझ्याकडे ठेवायला दिलेले आहे.

मिल्कियतीची दृष्टी व्यवहाराला लागतेच. ती नसेल तर कोणीही उठेल आणि कोणाचीही पाटी लावेल. पण ती पुरेशी नाही. कागदाने नाव विकत घेता येते, त्या नावावरचा लोकांचा जीव विकत घेता येत नाही. वारशाची दृष्टी आपल्या हाडामांसात मुरलेली आहे. बापामागून मुलगा मास्तर, अध्यक्षामागून पुतण्या अध्यक्ष. पण संगीताचाच इतिहास या दृष्टीला उत्तर देतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे उत्तरेतल्या कैराना गावचे, मिरजेत स्थायिक झाले, १९३७ मध्ये वारले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांची गायकी पुढे नेली रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व यांनी, आणि त्यांच्याकडून ती गेली भीमसेन जोशी यांच्याकडे. रक्त वेगळे, धर्म वेगळा. तरी किराणा म्हटले की कोणी कुरकुर करीत नाही. शागिर्दाने तालीम घेतली, मेहनत केली, उस्तादाचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावला, की तो सिलसिल्यातला झाला. जन्माने वारस ठरतो तो इस्टेटीचा. विद्येचा वारस मेहनतीने ठरतो.

हे बोलताना आपले जळगाव विसरून चालणार नाही. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व लहानपणी जळगावला होते आणि तिथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. मराठी रंगभूमीचा जो आवाज पुढे महाराष्ट्राचे भूषण ठरला, त्याच्या पहिल्या पायऱ्यांवर खानदेशातला एक मुसलमान गवई उभा आहे. आज जळगावला बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. मेहबूब खाँ हे नाव किती जळगावकरांना ठाऊक असेल, हा ज्याचा त्याने स्वतःला विचारण्याचा प्रश्न आहे.

बालगंधर्वांची नाटक कंपनी हेही आपल्या प्रश्नाचे जुने उदाहरण आहे. ते किर्लोस्कर नाटक मंडळीत होते. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असे उस्ताद होते. पुढे भागीदार दूर झाले आणि कंपनीवर मोठे कर्ज उरले. बालगंधर्वांनी ते आपल्या अंगावर घेतले आणि नाटके करून फेडले. कंपनीचे नाव त्यांचे का, याचे माझ्या मते हेच सर्वांत चांगले उत्तर आहे. नाव त्यांच्या उपाधीवरून पडले म्हणून नव्हे, तर त्या नावाचे देणे त्यांनी आपले मानले म्हणून.

इथे आपल्या शरीअतमधली एक साधी गोष्ट आठवते. माणूस मेला की वारसांनी हिस्से पाडण्याआधी त्याचे कर्ज फेडायचे असते. आधी देणे, मग वाटणी. हाच नियम नावाला लावून पाहावा. एखाद्या संस्थेचे, बँडचे, मासिकाचे नाव आपल्याकडे आले असे जो म्हणतो, त्याने आधी त्या नावाचे देणे मोजावे. ज्यांनी वाजवले आणि ज्यांचे नाव पाटीवर लागले नाही त्यांचे देणे. ज्यांना हंगाम संपल्यावर हिशोब मिळाला नाही त्यांचे देणे. सोडून गेलेल्यांबद्दल जे वाईट बोलले गेले त्याचे देणे. एवढे फेडायची ज्याची तयारी आहे, तो वारस. बाकीचे नुसते हिस्सेदार.

अमानतीच्या दृष्टीला आपल्या परंपरेत एक पक्के रूपही आहे. ते म्हणजे वक्फ. वाकिफ आपली जमीन, विहीर, दुकान एखाद्या कामासाठी देऊन टाकतो. मग ती वस्तू त्याची राहत नाही, त्याच्या मुलांची होत नाही. मुतवल्ली तिचा मालक नसतो, तो राखणदार असतो. त्याने ती विकायची नाही, तिची डागडुजी करायची आणि तिचे उत्पन्न ठरलेल्या कामालाच लावायचे. मुतवल्ली बदलतात, वक्फ राहतो. मुतवल्ल्यांनी वक्फच्या जमिनी गिळल्याची उदाहरणे आपल्याला माहीत आहेत. पण ती चोरी आहे हे आपल्याला कळते, ते वक्फच्या कल्पनेमुळेच. कल्पनाच नसती तर चोरीला चोरी कोण म्हणाले असते?

बँडचे नाव हे एक वक्फ समजा. मग "हाच बँड" याचा अर्थ उलगडतो. ज्या कामासाठी ते नाव उभे राहिले ते काम चालू आहे, आधीच्यांकडून शिकलेले पुढच्यांना शिकवले जात आहे, आणि ऐकणाऱ्याचा भरवसा मोडलेला नाही. या तीन गोष्टी असतील तर सगळी माणसे बदलली तरी बँड तोच आहे. यांतली एकही नसेल तर माणसे तीच असूनही बँड तो नाही. मुलीच्या बापाला "हाच बँड" म्हणताना नेमके हेच म्हणायचे असते. वेळेवर येतील, नवरदेवाला घोड्यावर ताटकळत ठेवणार नाहीत, म्हाताऱ्यांसाठी एखादे जुने गाणेही वाजवतील.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की अमानत म्हटले की बदल संपला. राखणदार काहीच नवे करणार नाही. हे खरे नाही. ज्या विहिरीचा गाळ काढला नाही ती आटते. डागडुजी हा राखण्याचाच भाग आहे. पण बदल इतका झाला की मूळ कामच राहिले नाही, तर प्रामाणिकपणे सांगावे. "इंडस क्रीड"ने केले ते हेच. नाव बदलणे ही बेइमानी नव्हती, ती ऐकणाऱ्याला दिलेली खबर होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळे टिकलेच पाहिजे का? लांब चालणे हा स्वतःच एक गुण आहे का? तसे मला वाटत नाही. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. बार्शीच्या एका गरीब मुसलमान घरातला हा शाहीर आणि वाटेगावच्या मांगवाड्यातला अण्णाभाऊ एका मंचावर उभे राहिले. गिरणगावापासून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपर्यंत त्यांच्या आवाजाने माणसे हलवली. ते पथक काही पन्नास वर्षे चालले नाही. अमर शेख आणि अण्णाभाऊ दोघेही १९६९ मध्ये गेले. आज त्या नावाची कोणती पाटी कुठे आहे यावर त्या कामाची थोरवी अवलंबून नाही. काम झाले, पथक संपले. संपण्यालाही एक इज्जत असते. ज्याला काम उरले नाही असे नाव केवळ नाव आहे म्हणून ओढत नेणे, यात वाकिफच्या हेतूची कदर नाही. रिकाम्या खोल्यांना कुलूप लावून बसलेल्या संस्था आपल्यात किती आहेत, हे मोजून पाहावे.

आता या सगळ्यात वाजवणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. बँडमधला मुसलमान वादक दोन्हीकडून अडचणीत असतो. वरातीत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. त्याने घातलेला कोट राजाचा असतो, पण जेवायला त्याला शेवटच्या पंगतीत बसवतात. मोहल्ल्यात यावे तर तिथे त्याच्या रोजीकडे बोट दाखवणारे भेटतात. संगीताबद्दल आपल्याकडे मतभेद जुने आहेत. इमाम गझालींनी "इह्या"मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि काय ऐकतो, कोण ऐकतो, मनाची अवस्था काय, यांवर निर्णय ठेवला. इब्न अल-जौझींसारख्या आलिमांनी कडक भूमिका घेतली. हा वाद इथे मिटवण्याचा माझा वकूब नाही. पण वाद काहीही असो, उन्हातान्हात चार मैल चालत वाजवून त्याने मुलांची फी भरली, ही गोष्ट त्याच्या पदरात जमा धरली पाहिजे. आणि डीजे आल्यावर त्याच्या सुपाऱ्या गेल्या तेव्हा मोहल्ल्यातल्या किती जणांनी त्याला दुसरा धंदा दाखवला, तेही विचारले पाहिजे. रोजीला नाव ठेवणे सोपे असते, रोजी देणे अवघड.

पाटीवर बँडचे नाव राहते, याचा अर्थ त्याखाली पंचवीस-तीस नावे पुसली गेली असाही होतो. म्हणून अमानतदाराचे पहिले काम नावे लिहून ठेवण्याचे आहे. आपल्या हदीसच्या आलिमांनी हे काम जगाला शिकवले. कोणतेही कथन घ्यायचे तर ते कोणी कोणाकडून ऐकले ती साखळी लिहायची, मधली एक कडी गाळायची नाही. आपल्या मंडळांच्या, वाचनालयांच्या, बँडच्या वहीत अशी साखळी का असू नये? कोण आला, काय शिकला, कोणाला शिकवून गेला, का गेला. ही वही असेल तर निम्मी भांडणे लागणारच नाहीत, कारण खरे कोण हे विचारायला कोर्टात जावे लागणार नाही.

शेवटी आपल्या प्रदेशाच्या नावाचीच गोष्ट पाहू. खानदेश हे नाव फारुकी खानांच्या किताबावरून पडले असे एक मत आहे, कान्हदेशावरून असे दुसरे. १३८२ मध्ये मलिक राजाने धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला फारुकी सत्तेचा पाया घातला. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून या मुलखाचे नाव "दानदेश" केले. बादशहाचा हुकूम, तरी ते नाव टिकले नाही. लोकांनी उचललेच नाही. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. १९६० मध्ये त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. आज खानदेश नावाचा एकही जिल्हा सरकारी नकाशात नाही. तरीही पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर अहिराणीचा एक शब्द कानावर पडला की आपण वळून विचारतो, खानदेशातले का? राजे बदलले, हद्दी बदलल्या, कागद बदलले. भाषा बोलणारी माणसे ते नाव वापरत राहिली म्हणून ते राहिले.

मराठी मुसलमान या नावाचेही तसेच आहे. एकीकडून आपल्याला विचारतात, तुम्ही मराठीत लिहिता, मग तुम्ही पूर्वीचे मुसलमान राहिलात का? दुसरीकडून विचारतात, तुम्ही नमाज पढता, मग तुम्ही पुरते मराठी झालात का? दोघेही फळ्या मोजत असतात. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून लिहिणारे बदलले, विषय बदलले, काही मित्र दूर गेले, काही अल्लाहला प्यारे झाले. या नावावर कोणा एकाची मिल्कियत नाही, आणि नुसत्या जन्माने ते कोणाच्या वाट्यालाही येत नाही. आधीच्यांनी आपल्या अनुभवाशी इमान राखून या भाषेत लिहिले. ते काम चालू ठेवायचे, नव्या मुलामुलींना त्यात वाव द्यायचा, आणि गेलेल्यांची नावे वहीतून गाळायची नाहीत. एवढे झाले तर पुढचा वाचक वार्षिक हातात घेऊन "हे तेच" असे म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खरे असेल.